‘विनापाश’

दुसऱ्या लग्नाचा बायोडेटा बहुधा पहिल्या लग्नाच्याच फाइलवरून तयार होतो. वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, मामाचं आडनाव. पगाराचा आकडा बदललेला असतो, फोटो नवा असतो, आणि ‘अपेक्षा’च्या वर एक ओळ वाढलेली असते: ‘घटस्फोटित’. तेवढ्या एका शब्दावर भागत नाही. लग्न चार-सहा महिन्यांत मोडलं असेल तर ‘नाममात्र घटस्फोटित’. मूल नसेल तर ‘विनापाश’. मूल असेल तर ‘एक मुलगी, आईकडे’ किंवा ‘एक मुलगा, जबाबदारी नाही’. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत वर्षानुवर्षं छापले गेलेले हे शब्द आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर आणि विवाहसंस्थांच्या अर्जांत जसेच्या तसे येऊन बसले आहेत.

पाश म्हणजे फास. गळ्यातला, पायातला. सात वर्षांच्या मुलीला या शब्दाखाली मोजलं जातं आणि कुणाला त्यात काही खटकत नाही.

पहिला संसार दुःखाचा झाल्यावर माणूस पुन्हा प्रेमाला, सोबतीला लायक ठरतो का, हा प्रश्न मराठी समाजाने गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा सोडवला आहे. रूढीने सोडवला, कायद्याने सोडवला, अलीकडे टीव्हीच्या मालिकांनीही सोडवला. तरीही दुसऱ्यांदा स्थळ बघताना पट्टी पहिल्याच लग्नाची वापरली जाते आणि तिच्यातून वजाबाकी केली जाते. वय जास्त, म्हणून इतकं कमी. घटस्फोट, म्हणून आणखी कमी. मूल, म्हणून त्याहून कमी. उरेल त्यात ‘जमवून घ्यायचं’. या वजाबाकीत प्रेमाचा रकाना कुठेच नसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

दुसरं लग्न ही काही शहरी, आधुनिक गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शेतकरी आणि कारागीर जातींत ते पूर्वापार होतंच. त्याला पाट म्हणत, मोहतूर म्हणत. नवऱ्याशी पटलं नाही तर जातपंचायतीसमोर गवताची काडी मोडायची, की संबंध तुटला. त्यावरूनच ‘काडीमोड’ हा शब्द आला. सोडचिठ्ठी आणि फारकत हे त्याचे लेखी अवतार. मराठा राजवटीत पाटावर ‘पाटदाम’ नावाचा करही होता. ज्याच्यावर कर बसतो ती गोष्ट समाजात क्वचित घडणारी नसते.

मात्र पाटाला लग्नाचा मान नव्हता. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत त्याची वर्णनं आहेत: पाट रात्री लावायचा, मोजक्या माणसांत लावायचा, सवाष्णींनी तिथे जायचं नाही. विधवेशी पाट लावणारा पुरुष अविवाहित असेल, तर काही जातींत आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावत. म्हणजे त्याचं ‘पहिलं’ लग्न झाडाशी झालं आणि ही बाई दुसरी, असा हिशेब. त्या रुईच्या झाडाकडे नीट पाहिलं तर आजचं ‘घटस्फोटित मुलीला प्रथमवर कशाला मिळेल?’ हे वाक्य किती जुनं आहे ते कळतं. बिजवराला बिजवधू, ही जोडी लावायचा आग्रह तेव्हापासूनचा आहे.

ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या जातींत बाईला ही रात्रीची वाटसुद्धा नव्हती. प्रतिष्ठा वाढली की पाट बंद, असा प्रघात पडला. शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या घरांत पाट कमीपणाचा ठरला. पुरुषाचा प्रश्न वेगळाच होता. त्याला काडी मोडायचीही गरज नव्हती. पहिलीशी पटलं नाही तर दुसरी आणायची, पहिलीने सवत म्हणून तिच्याबरोबर नांदायचं किंवा माहेरी जाऊन बसायचं. अशा माहेरी बसलेल्या बाईला मराठीत ‘टाकलेली’ म्हणतात. टाकणाऱ्या पुरुषाला त्या जातीचा शब्द मराठीत नाही.

या सगळ्या वाटा एकाच घरात एकत्र आलेल्या पाहायच्या असतील तर पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंच्या एकोणिसाव्या शतकातल्या घरात डोकावावं लागतं. रखमाबाईंची आई जयंतीबाई. सतराव्या वर्षी विधवा झाली, पदरात लहान मुलगी. जात सुताराची, त्यामुळे पुनर्विवाहाला रूढीची आडकाठी नव्हती. काही वर्षांनी तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. तेही विधुर होते. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाह वैध केला खरा, पण लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क मात्र काढून घेतला होता. जयंतीबाईने लग्नाआधी मालमत्ता मुलीच्या नावे करून टाकली. आजच्या भाषेत सांगायचं तर ती ‘विनापाश’ नव्हती. मुलीला घेऊनच ती नव्या घरात आली.

सखाराम अर्जुन वैद्यकीय क्षेत्रातलं मोठं नाव होतं. १८८३मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक. त्यांनी सावत्र मुलीला शिकू दिलं. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लावून दिलेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणाली, तेव्हा ते तिच्या पाठीशी उभे राहिले. १८८४मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. अपिलात निकाल फिरला आणि १८८७मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असा हुकूम झाला. तुरुंगात जाईन, असं उत्तर रखमाबाईंनी दिलं. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी आयुष्यभर काम केलं, १९५५मध्ये वारल्या. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

एकाच घरातल्या दोन पिढ्या. आईला दुसरं लग्न मिळालं आणि ते चांगलं निघालं. मुलीला पहिल्या लग्नातून सुटण्यासाठी चार वर्षं कोर्टात आणि वर्तमानपत्रांत स्वतःच्या आयुष्याची चिरफाड सोसावी लागली. दादाजींना या काळात दुसरी बायको करायला कायद्याची कसलीही आडकाठी नव्हती. आणि ज्या मुलीला कुणी पाश म्हटलं असतं, ती देशातल्या पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांमध्ये गणली गेली. सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात जे चित्र येतं, त्याच्याशेजारी सखाराम अर्जुनांचं चित्र ठेवायला हवं.

कायदा पुढची सत्तर वर्षं हळूहळू चालत आला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ आणि १९१९मध्ये पुनर्विवाह आणि काडीमोड यांना कायद्याची चौकट दिली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात १९४६मध्ये द्विभार्याप्रतिबंध आला आणि १९४७मध्ये घटस्फोटाचा कायदा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुरुषाची दुसरी बायको आणण्याची वाट बंद झाली तेव्हाच त्यालाही घटस्फोटाची गरज भासू लागली. हिंदू कोड बिलात घटस्फोट होता म्हणून किती गदारोळ झाला, आणि ते बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१मध्ये मंत्रिपद कसं सोडलं, हे सर्वांना ठाऊक आहे. १९५५चा हिंदू विवाह कायदा आला त्यात घटस्फोट होता, पण हुकूमनाम्यानंतर वर्षभर पुन्हा लग्न करता येणार नाही अशी अटही होती. ती १९७६मध्ये गेली. त्याच दुरुस्तीत परस्पर संमतीचा घटस्फोट आला, आणि एकमेकांवर चिखल न उडवता वेगळं होण्याची सोय या कायद्यात पहिल्यांदा झाली.

आज नियम असा आहे: संमतीच्या घटस्फोटासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतील असं सांगितलं. लढवून मिळालेल्या घटस्फोटात अपिलाची मुदत नव्वद दिवसांची. ती संपल्याशिवाय किंवा अपील निकाली निघाल्याशिवाय पुन्हा लग्न करता येत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिच्यापायी दरवर्षी कितीतरी बायकांचे दुसरे संसार कायद्याच्या नजरेत उभेच राहत नाहीत. स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. नोटरीचा शिक्का असला, दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या असल्या, तरी नव्हे. हिंदू विवाह कायद्याने रूढीचा काडीमोड मान्य ठेवला आहे, पण तशी रूढी त्या जातीत खरोखर आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. ती सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम राहतं, दुसरं शून्य ठरतं, वर द्विविवाहाचा गुन्हा, ज्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मुलं कायद्याने औरस मानली जातात, एवढाच दिलासा. तालुक्याच्या गावी पाचशेच्या स्टँपवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही’ असं लिहून घेऊन पुढच्या महिन्यात मुलीचं दुसरं लग्न लावणारे आईबाप वाईट नसतात. त्यांना घाई असते, आणि त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आकडे काय सांगतात? २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास होती. त्यांपैकी पुरुष सुमारे साडेचार लाख, स्त्रिया सुमारे नऊ लाख. घटस्फोट दोघांचा होतो. मग स्त्रिया दुप्पट कशा? कारण बरेच पुरुष पुन्हा लग्न करून ‘विवाहित’ या रकान्यात परत जातात आणि स्त्रिया मागे राहतात. याहून बोलका आकडा ‘विभक्त’ असलेल्यांचा आहे. ते सुमारे ३५ लाख, आणि त्यांतही दोनतृतीयांश स्त्रिया. लग्न संपलेलं आहे पण कागदावर सुटका नाही, अशी ही माणसं. त्यांना दुसरं प्रेम सापडलं तरी दुसरं लग्न करता येत नाही.

या ‘टाकलेल्या’ बायकांची पहिली मोठी दखल महाराष्ट्रात घेतली गेली ती संगमनेरला. १९८८मध्ये समता आंदोलनाने तिथे परित्यक्तांची परिषद भरवली. ॲड. निशा शिवूरकर यांनी पुढे या लढ्यावर ‘लढा टिकवण्याचा’ हे पुस्तक लिहिलं. मागण्या पोटगीच्या होत्या, रेशनकार्डाच्या होत्या, घराच्या होत्या. त्या वेळी तेच तातडीचं होतं. ज्या बाईच्या नावावर रेशनकार्ड नाही तिच्याशी प्रेमाची भाषा कोण करणार? मराठवाड्यात एकल महिलांच्या संघटनेने हाच धागा पुढे नेला. विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित, लग्नच न केलेल्या, सगळ्यांना तिने ‘एकल’ हा एकच शब्द दिला. ‘टाकलेली’त दुसऱ्या कुणीतरी केलेली क्रिया आहे, ‘एकल’मध्ये बाई स्वतः आहे.

पोटगीचा मुद्दाही दुसऱ्या लग्नाशी घट्ट बांधलेला आहे. घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडची पोटगी थांबू शकते. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. पण आठ-दहा हजारांच्या पोटगीवर मुलाची फी भरणाऱ्या बाईला नव्या माणसाबरोबर पाऊल टाकण्याआधी हा हिशेब करावाच लागतो. मुलाचा खर्च ही वेगळी बाब आहे. आईने लग्न केलं म्हणून बापाची मुलाबद्दलची जबाबदारी संपत नाही. वकील हे सांगतात. नातेवाईक मात्र ‘आता त्याच्याकडून काही मागू नकोस, नव्या माणसाला बरं दिसत नाही’ असं सांगतात, आणि बायका ऐकतात.

प्रेमाचं काय, असं वाचक विचारील. आशा भोसले यांचं आयुष्य त्यासाठी समोर ठेवण्यासारखं आहे. सांगलीत १९३३मध्ये जन्मलेल्या या मुलीने सोळाव्या वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून गणपतराव भोसले यांच्याशी लग्न केलं. ते लग्न दुःखाचं ठरलं. १९६०च्या सुमारास त्या दोन मुलांना घेऊन माहेरी परतल्या, तेव्हा तिसरं पोटात होतं. त्यानंतरची वीस वर्षं त्यांनी गाणं आणि मुलं सांभाळली. राहुलदेव बर्मन यांच्याशी त्यांची ओळख स्टुडिओतली. बर्मन यांचंही पहिलं लग्न १९७१मध्ये मोडलेलं होतं, वयाने ते आशाताईंहून लहान. दोघांनी कित्येक वर्षं एकत्र काम केलं, १९८०मध्ये लग्न केलं, आणि १९९४च्या जानेवारीत बर्मन गेले तेव्हा ही साथ संपली.

प्रसिद्धी बाजूला ठेवून या हकिगतीतला क्रम पाहावा. पहिल्या लग्नातून बाहेर पडणं आणि दुसरं लग्न यांच्यामध्ये वीस वर्षांचं अंतर आहे. दुसरं नातं कुणी ‘बघून’ जमवलेलं नाही. ते कामातून, एकमेकांच्या गुणांच्या ओळखीतून आलेलं आहे. मुलं तेव्हा मोठी झालेली होती. आणि पहिल्या नवऱ्याचं आडनाव त्यांनी आपल्या गाण्यासाठी कायम ठेवलं, कारण ते एव्हाना त्यांनी स्वतः कमावलेलं नाव होतं. घटस्फोटानंतर ‘आडनाव कुठलं लावणार?’ हा प्रश्न ज्या बायकांना ऑफिसात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारला जातो, त्यांना हे उदाहरण आठवावं. आडनाव बदलायची सक्ती कायद्यात नाही, पहिल्या लग्नात नाही आणि दुसऱ्यातही नाही.

घराघरांत हा विषय पोचवला तो मात्र मालिकांनी. झी मराठीवरच्या ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये सून आपल्या विधवा सासूचं लग्न लावून देते; स्टार प्रवाहवरच्या ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधती पंचवीस वर्षांचा संसार सोडते आणि पुढे आशुतोषशी लग्न करते. त्या लग्नावर प्रेक्षकांत जोरदार वाद झाले. कुणाला ते पटलं, कुणी ‘या वयात कशाला?’ म्हटलं. मालिकांत ताणलेलं, रडवणारं पुष्कळ असतं. तरीही रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आजी आणि नातवंडं एका सोफ्यावर बसलेली असताना, आईच्या दुसऱ्या प्रेमावर चर्चा व्हावी ही साधी गोष्ट नाही. कित्येक घरांत पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने म्हटलं असेल की आपल्या मावशीनेही करायला हवं होतं.

‘आई कुठे काय करते’चं एक निरीक्षण मोलाचं आहे. अरुंधतीला सर्वांत जास्त भीती जगाची नव्हती, स्वतःच्या मुलांची होती. प्रत्यक्षातही तेच असतं. मूल दुसऱ्या लग्नाला नाराज असतं ते नवा माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. मोडलेलं घर पुन्हा जुळेल ही त्याच्या मनातली लपलेली आशा त्या दिवशी संपते म्हणून. शिवाय नव्या माणसाशी गोडीने वागलं तर आपल्या बाबांशी बेइमानी होईल, असंही त्याला वाटत असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी सावत्र नात्यांच्या कुटुंबांचा दीर्घ अभ्यास केला. असं कुटुंब नीट स्थिरावायला साधारण चार ते सात वर्षं लागतात, असं त्यांचं सांगणं आहे. आपल्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ‘आता यांना बाबा म्हण’ असं मुलाला सांगितलं जातं. काका म्हणू दे, नावाने हाक मारू दे, काहीच न म्हणू दे. बाबा हा शब्द यायचा असेल तर त्याच्या वेळेने येईल.

इथे कायदाही कमी पडतो. १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्यात आई आणि बाप या शब्दांत सावत्र आई-बाप धरलेले नाहीत. वारसा कायद्यातही सावत्र बापाच्या मालमत्तेत सावत्र मुलाला मुलगा म्हणून वाटा मिळत नाही. ज्या माणसाने दहा वर्षं डबा भरला, शाळेत सोडलं, तापात रात्र काढली, त्याचं मृत्युपत्र नसेल तर कागदावर त्या मुलाशी त्याचं काहीच नातं नसतं. दत्तक घ्यायची वाट आहे. २०२२च्या दत्तक नियमांत सावत्र पालकांसाठी तरतूद आहे, पण जन्मदात्या बापाची संमती लागते, आणि भांडून सुटलेला बाप ती देईलच असं नाही. म्हणून दुसरं लग्न करणाऱ्या प्रत्येक जोडप्याने मृत्युपत्र, बँकेतलं आणि विम्यातलं नामनिर्देशन पहिल्याच वर्षात करून ठेवावं. लग्नाच्या बोलण्यांत हे काढायला लोक संकोचतात. मानपानावर तासभर बोलणाऱ्यांनी यावर दहा मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

मुलाच्या आडनावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये एक माणुसकीचा निकाल दिला. विधवा आईने पुनर्विवाहानंतर मुलाला नव्या कुटुंबाचं आडनाव दिलं. आजी-आजोबांनी हरकत घेतली. उच्च न्यायालयाने दुसऱ्या नवऱ्याचं नाव कागदपत्रांत ‘सावत्र बाप’ म्हणून लावायला सांगितलं होतं. असं लावणं जवळजवळ क्रूरपणाचं आहे, त्याने मुलाच्या मनावर आघात होतो, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पासपोर्टच्या नियमांत २०१६च्या अखेरीस एकाच पालकाचं नाव पुरेसं ठरलं. महाराष्ट्रात २०२४च्या मे महिन्यापासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं. एकट्या आईच्या मुलांसाठी शाळेच्या खिडकीपाशी हे फरक मोठे असतात.

धर्म बदलला की अडचणीचं रूप बदलतं. मुसलमान समाजात घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीच्या निकाहाला मुळात कमीपणा नाही, इद्दतीची मुदत संपली की ती मोकळी असते. तिथला झगडा एकतर्फी तोंडी तलाकाविरुद्धचा होता, आणि हमीद दलवाईंनी १९६६मध्ये सात स्त्रियांसह मुंबईत काढलेला मोर्चा त्याचसाठी होता. वसईच्या कॅथलिकांपुढचा पेच उलटा आहे. कोर्टाचा घटस्फोट हातात असला तरी चर्चच्या न्यायासनाने पहिलं लग्न रद्दबातल ठरवल्याशिवाय पुन्हा चर्चमध्ये लग्न लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये ही प्रक्रिया सोपी केली, तरी नुसता चर्चचा निर्णय कायद्याला चालत नाही आणि नुसता कायद्याचा चर्चला चालत नाही.

साठीनंतरच्या माणसांनी वेगळाच तोडगा काढला. पुण्यात माधव दामले यांनी २०१२मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इनचं मंडळ सुरू केलं. इथे येणाऱ्यांना सोबत हवी असते, पण लग्न केलं तर मुलांना वाटण्यांची धास्ती वाटते, पेन्शनचा प्रश्न येतो. म्हणून एकत्र राहायचं आणि खर्चाचं, आजारपणाचं आधी लिहून ठेवायचं. ज्येष्ठ जे बोलून आणि लिहून ठेवतात तेच पस्तिशीतली जोडपी टाळतात.

पस्तिशीतल्यांना टाळावंसं वाटतं याची कारणं समजण्यासारखी आहेत. पहिल्या लग्नात मार खाल्लेली, पैशासाठी छळलेली, संशयाखाली जगलेली व्यक्ती समोर कुणी आवाज चढवला तरी दचकते. फोन उलटा ठेवलेला दिसला तरी पोटात गोळा येतो. तिच्याकडून घरच्यांची अपेक्षा असते की तिने दोन भेटींत ‘हो’ म्हणावं, कारण ‘आता किती चोखंदळ राहणार?’ चोखंदळ राहण्याचा खरा हक्क तर तिचाच आहे. काय सोसवत नाही हे पहिल्यांदा लग्न करणाऱ्या मुलीला ठाऊक नसतं. हिला ठाऊक असतं. समोरच्याला घटस्फोटाचं कारण विचारावं, हुकूमनामा पाहावा, आणि तो पहिल्या जोडीदाराबद्दल कसं बोलतो ते कान देऊन ऐकावं. ‘सगळी चूक तिचीच’ असं पहिल्या भेटीत सांगणारा माणूस पुढच्या भांडणात काय म्हणेल, ते त्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आणि लग्न रात्री, चार माणसांत, उरकून का घ्यायचं? नोंदणी करून छोटं लग्न करायला काहीच हरकत नाही, ती ज्याची त्याची निवड. पण ‘दुसरंच तर आहे’ म्हणून सनई नको, हिरवा चुडा नको, आईने ओवाळायला पुढे यायचं नाही, हे पाटाच्या रात्रीचंच पुढे चालत आलेलं आहे. ज्ञानप्रबोधिनीच्या पोथीने लग्न लावणाऱ्या पुरोहित स्त्रिया आज आहेत. मुलाला अंतरपाट धरायला देता येतो, मुलीला आईच्या गळ्यात हार घालता येतो. ही मुलंच त्या मांडवातली सर्वांत जवळची माणसं असतात.

विवाहसंस्था चालवणाऱ्यांना, मेळावे भरवणाऱ्यांना आणि व्हॉट्सॲपवर बायोडेटा पुढे पाठवणाऱ्या काकू-मावशींना एक विनंती आहे. अर्जातला ‘विनापाश’ हा शब्द काढून टाका. ‘मूल आहे का?’ एवढं विचारा, आणि असेल तर खाली तीन रकाने ठेवा: त्याचं नाव, वय आणि इयत्ता.